रिकामं खोगीर

दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा तो तिच्या घोडीला दाणा घालत होता. त्यानंतर घोडीवर कोणी बसलं नाही. आज तीन दिवसांच्या घोडेस्वारी स्पर्धेत, चहाच्या रांगेत, त्याच्यापुढे एक म्हातारं जोडपं विजेत्या बाईंच्या मुलाखतीवर वाद घालत होतं.

“म्हणे, स्वार वारला तरी घोडा बांधून ठेवू नका, दुसऱ्याला बसवा. काळीज आहे की दगड?” म्हातारा म्हणाला.

“बरोबर बोलली ती. रानातल्या उड्यांना सरावलेलं जनावर, नुसतं उभं राहून कुढतं हो.”

“मग मी गेल्यावर माझ्या आरामखुर्चीत कोणाला बसवशील?”

“मीच बसेन. जन्म स्टुलावर काढलाय मी.”

“बस. उशी तेवढी जाड घे, तुझी पाठ दुखते.”

शेजाऱ्यांची सून घोडी फिरवायला द्याल का, असं त्याला विचारून गेली होती. तिला त्यानं अजून हो म्हटलेलं नाही.