सतरावा रकाना

—नाही, नाही, खोडू नका! मॅडम, आधी ते पेन खाली ठेवा. टोपण लावा. लावलंत? हं, आता बोलू. मानपत्रावर खाडाखोड चालत नाही हो, जाड कागद आहे, शाई फुटते त्यावर, आणि चौकटीत बसवायला माणूस बाहेर हातोडी घेऊन तयार उभा आहे. अजून पंचवीस मिनिटं आहेत कार्यक्रमाला, बसा निवांत. त्या खुर्चीवर नको! तिचा एक पाय डुगडुगतो. गेल्या वर्षी एक नामवंत खगोलशास्त्रज्ञ तिच्यावरून थेट जमिनीवर आले – जन्मभर वर बघत आलेला माणूस, खुर्ची कशाला बघतोय? ही घ्या, ही शहाणी आहे. आता सांगा, काय म्हणणं आहे तुमचं? तिसरा परिच्छेद खोटा आहे? अहो, एवढंच ना? मला वाटलं जन्मसाल चुकलं की काय!

मी कोण म्हणता? मी माजी विद्यार्थी कक्षातला कारकून. विद्यापीठ दरवर्षी आपले पाच नामवंत माजी विद्यार्थी बोलावतं, गळ्यात पदक घालतं, कुलसचिव मानपत्र वाचतात, सभागृह टाळ्या पिटतं – आणि ते मानपत्र लिहितं कोण? हा हात. बावीस वर्षं, एकशे दहा मानपत्रं. कुलसचिव नुसते वाचतात, तेही 'अद्वितीय'पाशी अडखळतात, म्हणून मी अलीकडे 'एकमेव' लिहितो. बरं, तुम्हाला आम्ही माहितीचा तक्ता पाठवला होता, आठवतं? त्यात सतरावा रकाना होता – 'विद्यार्थिदशेतील एक संस्मरणीय प्रसंग'. काय लिहिलंत तिथे? आडवी रेघ! एकोणीस पूल बांधलेत तुम्ही, त्यांची लांबी-रुंदी पार सेंटिमीटरपर्यंत लिहून पाठवलीत, आणि सगळी विद्यार्थिदशा म्हणजे एक रेघ? पण प्रसंगाशिवाय मानपत्र मंजूर होत नाही. कुणा जुन्या कुलगुरूंनी करून ठेवलेला नियम आहे – रकाना रिकामा असेल तर फाइल परत. आणि मोठी माणसं तो रकाना कधीच भरत नाहीत हो! कुणी लिहितं 'गुरुजनांचे मार्गदर्शन'. एकाने तर लिहिलं, 'आठवत नाही, उपाहारगृह महाग होतं.' आता हे मी कुलसचिवांच्या तोंडी घालू? मग मीच भरतो. काय करणार – नाचता येईना म्हणणाऱ्यांचं अंगण मीच सरळ करून देतो!

आणि गंमत ऐका. एकशे दहा जणांत एकानेही तक्रार केलेली नाही. एकानेही नाही! आपले न्यायमूर्ती – ते करड्या भुवयांचे, टीव्हीवर दिसतात ते – त्यांच्या मानपत्रात मी लिहिलं की वसतिगृहात एका गरीब मुलावर पुस्तकाची पानं फाडल्याचा आळ आला, तेव्हा यांनी भोजनगृहातच कोर्ट भरवलं, पळीने ताट बडवून सगळ्यांना गप्प केलं आणि त्या मुलाला निर्दोष सोडवलं. याच खोलीत वाचलं त्यांनी. भुवया वर गेल्या. म्हणाले, "हे कधी झालं?" मी म्हटलं, "साहेब, तिसऱ्या वर्षाला." म्हणाले, "असेल, असेल." आणि वीस मिनिटांनी मंचावर काय सांगतात? "ती पळी पितळेची होती!" मी पडद्यामागे तोंडात रुमाल कोंबून उभा. आता ती पळी त्यांच्या टेबलावर आहे म्हणे, काचेच्या पेटीत. कुठून पैदा केली देव जाणे! आणि ते हृदयाचे डॉक्टर? स्वयंपाक्याचा हात विळीने कापला, तेव्हा यांनी अंगावरची ओढणी टराटर फाडून पट्टी बांधली आणि त्याला सायकलच्या मागे बसवून दवाखान्यात – काय? ओढणी म्हणालो? शर्ट हो, शर्ट. डॉक्टर पुरुष आहेत, ओढणी कुठून येणार? शर्टच. जीभ घसरली. पन्नाशीला आली, घसरणारच.

तर सांगायचं हे की तुमचा प्रसंग काही फार वाईट नाही. उलट यंदाच्या पाचांत सगळ्यांत झकास आहे. परीक्षेची सकाळ, मुलींच्या वसतिगृहामागचा ओढा फुगलेला, पायपूल वाहून गेलेला, आणि चाळीस मुली काठावर रडतायत. तेवढ्यात आपली नायिका – म्हणजे तुम्ही – भोजनगृहातली टेबलं बाहेर काढते, ओढ्यात ओळीने मांडते आणि एकेकीला पार धाडते! पुढच्या एकोणीस पुलांच्या आधीचा हा पूल! मीच लिहिलं आणि मलाच काटा आला. तुम्ही फक्त मान खाली घालून मंद हसायचं. जमेल. डॉक्टरांना जमलं, त्यांना तर हसताही येत नाही.

नाही? का नाही? अहो मॅडम, कुणाचं नुकसान आहे यात? 'असं घडलंच नाही' असं मंचावर जाऊन म्हणणार असाल तर माझं मात्र आहे, ते आधीच सांगतो. एक दोरा ओढलात की एकशे दहा मानपत्रं उसवतील, न्यायमूर्तींची पळी उघडी पडेल आणि मी उद्या सकाळी घरी. मग – काय? 'घडलं नाही' असं नाही म्हणत तुम्ही? मग काय म्हणताय?

'घडलं, पण ती मी नव्हते.' अस्सं.

म्हणजे तुम्ही... तुम्ही त्या टेबलांवरून गेला होतात? कितव्या? अकराव्या. चपला हातात घेऊन. नाही, नाही, मी ऐकतोय. बोला. शेवटचं टेबल खचत होतं, म्हणून एक मुलगी पाण्यात उतरून ते धरून उभी होती, खोली नंबर नऊमधली. काय म्हणायचे तिला तुम्ही सगळ्या? परत म्हणा.

भोंगा.

बावीस वर्षांत ही पंचाईत कधी आली नव्हती बघा. प्रत्येक प्रसंग मी चुकीच्या शाखेत टाकायचो – भोजनगृहातलं कोर्ट कायद्यात, स्वयंपाक्याचा हात वैद्यकात, मुलीचं मुलावर ढकलायचं, ओढणीचा शर्ट करायचा – म्हणजे कुणाला ओळख पटायला नको. आणि पुलाचा प्रसंग पूल बांधणाऱ्या बाईला देताना एवढंही डोक्यात आलं नाही की ती त्याच वसतिगृहात असेल! मोह झाला हो. इतका फिट्ट बसत होता!

ताई माझी. सख्खी. हो, सगळं तीच. पळीही तिचीच आणि सायकलही. मी तेव्हा चौदा वर्षांचा, ती सुट्टीत घरी आली की माझ्याकडून किचकट गणितं सोडवून घेताना हे सगळं सांगायची, आणि असा आवाज की समोरच्या गल्लीतली माणसं आपापल्या खिडकीतून पुढचं विचारायची. त्या दिवशी तुम्ही चाळीसही जणी वेळेत पोचलात ना? ती पोचली पस्तीस मिनिटं उशिरा. नियम अर्ध्या तासाचा. पर्यवेक्षकांनी दार लावलं होतं. ओल्या कपड्यांत व्हरांड्यात बसून राहिली पेपर संपेपर्यंत – हे तुम्हाला माहीत नव्हतं? कसं असणार, तुम्ही आत लिहीत होतात. तुमचं काही चुकलं नाही हो, नका असं करू, गाऊनला डाग पडेल. पुढच्या वर्षी बसेन म्हणाली. त्याच उन्हाळ्यात वडिलांनी अंथरूण धरलं, ती बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसायला लागली, आणि पुढचं वर्ष काही आलंच नाही. एक पेपर राहिला. आणि आमच्या सन्मानाची पहिली अट काय? पदवीधर! पदवी नाही तर नामवंत नाही, मग भले तुम्ही ओढा उचलून दुसरीकडे ठेवा. तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे. तिचं नाव नाही वाचता येत ना मंचावर? तिचे प्रसंग वाचू.

तिला माहीत आहे का? तुम्हाला काय वाटतं? दरवर्षी अर्धी रजा टाकून येते. दरवर्षी! बाहेर पडलो की चेहरा असा की जणू काहीच ऐकलं नाही, आणि जेवताना हळूच म्हणते, "तुझ्या डॉक्टरने पट्टी बरी बांधली हो." बस्स, एवढंच. बावीस वर्षांत ती यापुढे बोलली नाही की मी बोललो नाही. तिच्या वर्षातला हा एक दिवस आहे मॅडम. म्हणून म्हणत होतो, नोकरीचं मरो, पण आज तो परिच्छेद खोडू नका. दुसरं काही मागत नाही.

काय? खोडणार नाही. वाचू देणार. पूर्ण. आणि मग माईक घेऊन काय सांगणार? ती मुलगी खरी कोण ते? नाही! अहो, नको! सगळ्यांसमोर? कुलगुरू बसलेत, न्यायमूर्ती बसलेत, ते पळी – नाही, ऐका, ती यायचीच नाही वर. उठवायला गेलात तर खुर्ची धरून बसेल. आणि घरी गेल्यावर माझं काय करेल माहीत आहे? आणि कक्षातले विचारतील, बाकीच्या एकशे नऊ जणांचं काय, तेव्हा मी काय सांगू? सांगा ना, काय सांगू?

'खरं तेच सांगा'? हे बरं आहे तुमचं. एकोणीस पूल बांधलेत आणि मला म्हणता, उडी मार!

घंटा झाली बघा. पहिली. तुमचं नाव दुसरं आहे. गाऊन सरळ करा, डावा खांदा उतरलाय – हां. तिसरी रांग, कडेची खुर्ची, डेपोचा निळा कोट घालून आलीय, काढायला वेळ झाला नसेल. मंचावरून दिसते. पण नाव घेऊन बोलावू नका, ती इकडेतिकडे बघेल, जणू दुसऱ्याच कुणाला बोलावतायत. तुम्ही मगाशी म्हणालात ना, ते म्हणा. चौतीस वर्षांत तिला त्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. उभी राहील. आपोआप उभी राहील, बघाच.

मी? मी नाही येत. मी इथेच बसतो, या डुगडुगत्या खुर्चीवर. मला सगळं ऐकू येतं इथून – तिचा आवाज तर येईलच. जा तुम्ही. जा म्हणतो ना. आणि ते दार उघडंच राहू द्या.