डावा कोपरा

नाही हो भाऊ, चेहरा नको – चेहरा काय, रोजच बघतो – तो डावा कोपरा मोठा करा. हां, मागे दार दिसतंय ना, तेच. असं बघू नका माझ्याकडे, डोकं ठिकाणावर आहे माझं. लेक आहे ती. लग्न होऊन वर्ष होईल आता. छान हसतेय म्हणता? हसणारच, फोटोत कोण रडतं? अहो, निवृत्त झाल्यावर मी फोटोच्या वर्गाला जायला लागलो – तिनेच नाव घातलं माझं, म्हणाली, बाबा, घरात बसून आईच्या डोक्याला ताप होण्यापेक्षा काहीतरी शिका – तर आमचे सर सांगायचे, आधी चारही कोपरे बघा, मग मधला माणूस. मधला माणूस सावरून बसलेला असतो, कोपरे कुणी सावरत नाही. जन्मभर वजनकाट्यावर बसलो मी, आकड्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. आणि एकदम दिसायलाच लागलं! बादलीतल्या पाण्याचा उजेड छतावर कसा हलतो, कठड्याची सावली जिन्यावर कशी मोडते, आमची ही भांडी पुसताना खिडकीकडेच तोंड का करते – साठी उलटल्यावर डोळे उघडले म्हणा. सगळं लेकीला फोनवर शिकवायचो. बाबा, पुरे, म्हणायची. पण ऐकायची हां. कोपरे-बिपरे सगळं पाठ तिला.

होतंय का मोठं? होऊ द्या सावकाश. तर दर रविवारी ती फोटो पाठवायची. आधी मागे खिडकी, खिडकीत तिच्या कुंड्या. मग कुंड्या दिसेनात. मग पडदा ओढलेला. आणि मी आपला मास्तर – पडदा सार गं, चेहऱ्यावर अंधार येतोय! आणि मग हा फोटो. झोपायच्या खोलीचं दार, आणि दाराला कडी. बाहेरून! नवीकोरी, चकचकीत. आणि ती अशी बाजूला सरकून उभी की कडी बरोबर आत यावी. चुकून आली असेल? माझ्या लेकीच्या हातून? आणि मी काय केलं, सांगू? घरच्या ग्रुपवर लिहिलं, जावईबापूही आहेत त्यात – चेहरा सुरेख, पण डाव्या कोपऱ्यातली कडी डोळ्यांत खुपते, कोपरे स्वच्छ ठेवावेत. जावईबापूंनी लगेच अंगठा दिला. पुढच्या रविवारपासून मागे नुसती पांढरी भिंत. मला वाटलं, शिकली पोरगी! अभिमान वाटला हो मला. मग एकदा वर्गात सरांनी दाराचा फोटो दाखवून विचारलं, हा खोलीच्या आतून काढलाय की बाहेरून? सगळे म्हणाले, आतून, कडी दिसतेय की. आणि लेकीचा फोटो तर बाहेरच्या खोलीतून काढलेला! वर्गातून तसाच उठलो मी.

गेलो ना, न कळवता गेलो. जावईबापूंनीच दार उघडलं, या या म्हणाले, पायाही पडले. खोलीच्या दाराला कडी नाही. कडीची भोकं बुजवलेली, वरचा रंग बाकीच्या दाराहून थोडा उजळ – दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं, मला दिसलं. पण क्षणभरही तिला एकटं सापडू दिलं नाही त्यांनी. निघताना म्हणाली, आता फोटो नीट येतात ना, बाबा? – इतकंच. चल म्हटलं, बरोबर चल. तर मागे बघून म्हणते, मी सुखात आहे. पोलीस चौकीतही गेलो. ते म्हणाले, मुलगी स्वतः सुखात आहे म्हणते, तुम्ही कडीचं काय घेऊन बसलात? आणि आमची ही म्हणते, तिच्या संसारात बिब्बा घालू नका.

म्हणून म्हटलं, मोठा करून मिळाला तर कुणाला तरी दाखवता... झाला? हे काय? हे तर नुसते चौकोन – करडे, तपकिरी – कडी कुठाय? आणखी मोठा केला तर? आणखी फुटेल. बरं. मला दिसतेय हो, ही बघा, ही इथे. तुम्हाला? खरं सांगा. – नाही ना.

थांबा, हिचा फोन. – हो, दुकानातच आहे. हो, मोठाच. फ्रेममध्ये बसवूनच आणतो. – भिंतीवर लावायचाय हिला. म्हणते, पोरगी किती गोड हसलीय.

तसंच करा मग. चेहराच घ्या, मधोमध. कोपरा? कापा. कापा म्हटलं ना! – माझ्याकडे काय बघता, तिकडे मशीनकडे बघा.