प्रमुखाचा वाटा

फाकाओफो बेटाच्या किनाऱ्यावर मासळीचे वाटे पडत होते आणि आम्ही बायका टोपल्या घेऊन उभ्या होतो. त्या वर्षी न्यूझीलंडच्या अखत्यारीतल्या आमच्या तिन्ही बेटांची राजधानी पाळीने आमच्याकडे आली होती आणि सुलियाचा जावई तिन्ही बेटांचा प्रमुख झाला होता. सुलिया आणि मेलेका माझ्या पुढेच होत्या. त्यांचं ते बोलणं अजून माझ्या कानात आहे.

"मेलेका, मी जाते घरी."

"अगं, वाटा न घेता?"

"कुठल्या तोंडाने घेऊ? पंचांनी गावातले सगळे पुरुष समुद्रावर धाडले. आमचे जावईबापू मात्र न्यूझीलंडशी बोलायचंय म्हणून घरीच बसले."

"राज्यकारभार गं तो!"

"कसला कारभार? दुपारपर्यंत घोरत होते."

"मग न्यूझीलंडही झोपलं असेल. आणि वाटा काय, प्रत्येक घराला मिळतोच. आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना, आळशांनाही."

"त्या शेवटच्या शब्दासाठीच तर थांबत नाही मी."

"बघ, आलाच तो. इस्त्रीचा शर्ट घालून."

जावई थेट वाटे घालणाऱ्या म्हाताऱ्या पंचाकडे गेला.

"आजोबा, आज फार कामात होतो हो."

"असशील बाळा. पण राजधानी पुढच्या वर्षी नुकुनोनू बेटावर जाईल. तू इथेच राहशील. हा घे सुरा, खवले काढ."

"आमच्या वाट्याचे?"

"सगळ्या गावाच्या."

तो वाळूत बसला आणि माशाच्या डोक्याकडून शेपटीकडे सुरा फिरवू लागला. सुलियाने हातातली टोपली खाली ठेवली.

"जावईबापू, शेपटीकडून डोक्याकडे! न्यूझीलंडवाल्यांनी एवढंही सांगितलं नाही वाटतं?"