काल चालत होतं ना?

...आणि वर कंपनीवाले मलाच विचारतात, आजोबा, तुम्ही काही दाबलंत का? मी काय दाबणार? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतोय, बंद पडलेलं मशीन घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, काल चालत होतं ना, मग आज हात कुणी लावला? हाच प्रश्न त्या कंपनीतल्या बाईंना फोनवर विचारला, तर गोड आवाजात म्हणतात, "सर, आम्ही फक्त सुधारणा केली." फक्त सुधारणा...

बघा, कसली सुधारणा ते सांगायचंच राहिलं. माझ्या लेकीने त्या कंपनीकडे दुकानाचं एक पान करून दिलंय, फोनवर उघडतं, त्यात मधोमध एक चौकट, गिऱ्हाइकाने तिच्यात लिहायचं, मी उत्तर द्यायचं. ती चौकट दुसरीकडून आणलेली, म्हणजे इंग्रजीतला एक तुकडा असतो, त्याला कोड म्हणतात, तो पानात चिकटवला की चौकट उगवते. गिऱ्हाईक म्हणाल तर तीन वर्षांत एक नाही. लिहिते कोण, तर आमची आक्का. माझी थोरली बहीण, वय ब्याऐंशी, कानाने ठार बहिरी, त्यामुळे फोनवर बोलणं नाही, आणि ही एवढी एकच चौकट शिकली. म्हणते, "आता दुसरं काही शिकवलंस तर याद राख."

तर आक्काने लिहिलं, "घर खायला उठतं रे. माझ्याकडे राहायला येतोस का?" आणि मी शहाण्याने काय लिहावं? "बघतो." आता भावाचं 'बघतो' म्हणजे काय, हे बहिणीला कळत नाही होय? दुसऱ्या दिवशी "येतो" लिहायला बसलो, तर चौकट गायब, तिच्या जागी इंग्रजी अक्षरांच्या मुंग्या. आणि तिकडे आक्का माझं 'बघतो' उराशी धरून बसलेली...

लेकीला फोन केला. "बाबा, पान बंद करून परत उघडा." उघडलं. "फोन बंद करून चालू करा." केला. "तो तुकडा काढून पुन्हा चिकटवा." चिकटवला. मुंग्या जागच्या हलेनात. "बाबा, सुधारणा आपोआप होते हो." म्हटलं, बाई, माझ्या दुकानात आपोआप फक्त गंज चढतो. मागून जावईबापू म्हणाले, "मामा, नवीन पानच करू की, पुढच्या महिन्यात सवडीने." सवडीने! ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला सवड सांगतात. अहो, काल चालत होतं ना, मग आज हात कुणी लावला, एवढंच शोधायचं असतं.

मग मी माझ्या पद्धतीने बसलो. लेकीने पहिल्या दिवशी त्या तुकड्याचा कागद छापून दिला होता, तो काढला, शेजारी फोन ठेवला, भिंग घेतलं. इंग्रजी मला येत नाही, मराठीसुद्धा बोट ठेवून वाचतो, पण सरळ सुई कोणती आणि वाकलेली कोणती हे कळतं की नाही? एकेक अक्षर टिपत गेलो, तीन दिवस, मध्ये दोन मशीनं केली, चहा निवला. आणि चौथ्या दिवशी सापडलं. शब्दांच्या अलीकडे-पलीकडे वर दोन-दोन बारीक रेघा असतात ना, त्या कागदावर ताठ उभ्या, आणि फोनमध्ये टोकं मुरडलेली. सगळ्याच्या सगळ्या. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, नव्या सुधारणेत पान आपणहून अवतरणचिन्हं मुरडून सुंदर करतंय, म्हणून कोड चालेना. कोडसाठी वेगळा कप्पा दिलाय, त्यात ठेवलं की ते हात लावत नाही." अगं, मग हे त्या गोड आवाजाच्या बाईंना ठाऊक नव्हतं?

कप्प्यात ठेवला. चौकट उगवली. लिहिलं, "आक्का, येतो. रागावू नकोस."

दिवसभर काही नाही. संध्याकाळी उत्तर आलं. "रागावू कशाला? माझ्या फोनवर पण कसलीशी सुधारणा आली, चार दिवस नुसतं चाक फिरत होतं. आत्ता उघडला तर तुझं 'बघतो' आणि त्याच्याखाली लगेच 'येतो'. जन्मात पहिल्यांदा माझं एका हाकेत ऐकलंस. शहाणा झालास हो."

आता तिला काय सांगू, चार दिवस... जाऊ दे. झालो शहाणा. गुरुवारची गाडी आहे.