थंड ब्रेकवरची पहिली धाव

थिया : तुम्ही दुपारच्या धावेच्या यादीतून माझं नाव खोडून आलात?

मर्विन : खोडलं नाही अजून. नुसतं विचारून आलो. जेवणाच्या सुट्टीत सांगा म्हणाले.

थिया : मला न विचारता.

मर्विन : विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस? सकाळी गाडी दीड गिरकी घेऊन गवतात गेली, पोरी. अजून थोडी पुढे जाती तर ओकचं झाड होतं. रॉड्रीला काय तोंड दाखवलं असतं मी?

थिया : रॉड्रीला मी फोन केला. लागलं का विचारलं, नाही म्हटलं, तर म्हणाला मग मला मॅच बघू दे.

मर्विन : माझाच मुलगा, पण गाड्यांचं वारं कधी लागलं नाही त्याला. म्हणून तर सुनेला बसवली या गाडीत. हे बघ, या चढावर कुठलं ना कुठलं वळण प्रत्येकाला खातं. तू वळणात घाबरलीस, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पटकन वर घेतलास, गाडीची शेपूट सुटली. त्यात लाज कसली? दुपारी बाजूला बस. पुढच्या महिन्यात बघू.

थिया : मी पाय वर घेतलाच नाही. वळण सुरूसुद्धा झालं नव्हतं. सरळ रस्त्यावर ब्रेक दाबला आणि मागची बाजू पुढे यायला लागली.

मर्विन : तीच गाडी, तेच ब्रेक, तोच चढ. तुझ्यानंतर मी गेलो. रुळावरून गेल्यासारखी गेली.

थिया : तेच तर कळत नाहीये. सकाळपासून तेवढाच विचार चालू आहे.

ऑब्री : आत येऊ का, की घरचं भांडण आहे?

मर्विन : ये. घरचंच आहे, पण तू काही परका नाहीस.

ऑब्री : सॉसेज रोल आणलेत. थिया, तू खा आधी, चेहरा उतरलाय. काय मर्विन, नवे ब्रेक काय म्हणतात? सत्तरीला अशी भेट क्लबात अजून कुणाला मिळालेली नाही.

मर्विन : उत्तम आहेत.

थिया : ऑब्री, जरा खाली वाकून हा मागचा टायर बघता?

ऑब्री : वाकतो, पण उठवायचं तू. हं. चपटा झालाय इथे. चांगला बशीएवढा डाग आहे.

थिया : पलीकडच्यालाही तसाच आहे. आता पुढचे बघा.

ऑब्री : पुढचे गोल गरगरीत.

थिया : मर्विन, वळणात पाय वर घेतल्यामुळे शेपूट सुटली असती, तर टायर आडवा खरवडला असता, सगळीकडून. असा एकाच जागी कधी झिजतो?

मर्विन : चाक फिरायचं थांबलं आणि गाडी पुढे जातच राहिली, तर.

थिया : मग?

मर्विन : म्हणजे मागची चाकं आधी अडकली.

थिया : पुढे हे एवढे मोठे ब्रेक बसवलेले असताना. खरं तर अडकायचीच तर पुढची आधी अडकायला हवीत.

मर्विन : मग मला कसं काही झालं नाही?

थिया : आपल्यात आधी कोण जातं?

मर्विन : तू. ती रीतच आहे. एका गाडीत दोघं असले की धाकट्याने आधी जायचं आणि थोरल्याला टायर तापवून द्यायचे. मी माझ्या काकांना कित्येक वर्षं तापवून दिले.

थिया : टायर तापतात तसे ब्रेकही तापतात. मी निघाले तेव्हा पॅड थंडगार होते. मग गवतातून निघून वर गेले आणि तिथून सगळ्या गाड्यांच्या रांगेत, ब्रेक दाबत दाबत, मी अख्खा चढ उतरून आले. तुम्ही बसायला आलात तेव्हा पुढच्या चाकाशी हात नेलात आणि म्हणालात, आहा, आता लागले कामाला.

मर्विन : म्हणालो खरं.

थिया : पुढचे हे नवे पॅड शर्यतीचे आहेत. तासभर गोल गोल पळायचं असेल तर यांच्यासारखे नाहीत. पण थंड असताना ते पकडतच नाहीत. मागचे आपले जुने, साधे. ते थंडही पकडतात. त्यामुळे माझ्या वेळी गाडी मागच्या चाकांनी थांबवली, तुमच्या वेळी पुढच्यांनी. गाडी एकच होती, पण आपण दोघांनी दोन गाड्या चालवल्या.

ऑब्री : आणि आपली ही चढाची धाव मिनिटभराचीसुद्धा नाही.

थिया : तापेपर्यंत संपते.

मर्विन : थांब, थांब. मग डॅशखाली ब्रेकचा जोर पुढे-मागे वाटायची ती गुंडी कशासाठी आहे? फिरव, पुढे जोर जास्त दे.

थिया : तोही विचार केला. पॅड थंड असताना बरोबर बसेल अशी फिरवली, तर ते गरम झाल्यावर पुढची चाकं अडकतील. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाणार. अडकलेलं चाक सोडवून देणारं यंत्र या जुन्या गाडीत नाही. दोन्हीला चालेल अशी जागाच नाही त्या गुंडीवर.

मर्विन : ऑब्री, तुझ्या गाडीत कोणते पॅड आहेत?

ऑब्री : माझ्या? साधेच.

मर्विन : आणि मला शर्यतीचे?

ऑब्री : अरे, सत्तरीची भेट. साधे पॅड कोण देतं भेट म्हणून? आम्ही चौघं गेलो होतो निवडायला.

मर्विन : आणि बाकीच्या तिघांच्या गाडीत?

ऑब्री : साधेच.

मर्विन : धन्य आहात.

ऑब्री : डबा उघडल्यावर तू काय वेगळं केलंस? डोळे पाणावले तुझे.

मर्विन : शेडमध्ये धूळ होती.

थिया : ऑब्री, तुमची भेट वाया नाही गेली. डिस्क छान आहेत. नुसते पॅड बदलायचे, या मापाचे साधे मिळतात. मग गुंडी थोडी मागे घेतली की झालं.

ऑब्री : आज नाही मिळायचे. माझ्याकडे आहेत, पण ते लहान पडतील.

(लाउडस्पीकरवरून दुपारच्या पहिल्या तुकडीला बोलावणं होतं.)

मर्विन : मी सगळ्यांना सांगत फिरलो, पोरीने पाय वर घेतला म्हणून.

थिया : माहीत आहे. चहाच्या गाडीपाशी दोघांनी मला पाय कसा ठेवायचा ते शिकवलं.

मर्विन : आणि तू ऐकून घेतलंस?

थिया : टायर बघेपर्यंत मलाच खात्री नव्हती. वाटत होतं, घाबरलेही असेन. आपलं आपल्याला कुठे कळतं?

ऑब्री : मग आता काय, दोघंही रोल खात बसणार?

थिया : नाही. ब्रेक तापवून मिळाले तर दुसऱ्याला काही अडचण नाही. मी आधी जाते, सावकाश, ब्रेक दाबत. मग मर्विन, तुम्ही जा. नेहमीसारखंच.

मर्विन : नेहमीसारखंच नको. ऑब्री, यादीवर विनिफ्रेड बसलीय ना? तिला सांग, नाव खोडायचं नाही. फक्त क्रम उलटा कर. मी आधी, ही नंतर.

ऑब्री : सासरा सुनेला गाडी तापवून देणार? पलीकडच्या शेडमध्ये चेष्टेला वर्षभर पुरेल हे.

मर्विन : पुरू दे. जा, नाही तर ती खिडकी बंद करून बसेल.

थिया : मर्विन, ओकच्या वळणाला पॅड थंडच असतील.

मर्विन : लवकर दाबेन, हलके दाबेन. आणि उतरताना ब्रेकवरचा पाय काढणारच नाही.

थिया : तुमचा नंबर सगळ्यांत शेवटचा लागेल.

मर्विन : लागू दे. तू खालच्या फाटकापाशी हेल्मेट घालून उभी राहा. सीट मीच पुढे ओढून ठेवतो, त्यात वेळ गेला तर ब्रेक गार होतील.