हायकूवाल्यांची सोयरीक

...नाय नाय, हुंडा नको म्हणाले ना! बस्ता नको, मानपान नको... मग काय पाहिजे? तर म्हणे हायकू! तुम्हाला सांगतो मंडळी, सोयरीक कुणातही करा, हायकूवाल्यात करू नका!

आमची मोनाली तिकडं जपानला, ओसाकाला नर्स हाय. तिथं तिला केंजी आवडला. पोरगं लाखात एक! त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती, आमच्या घरात बुद्धाची मूर्ती, म्हटलं जुळलं! पण त्याची आई, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, लई शिस्तीच्या. त्यांनी उन्हाळ्यावर हायकू, म्हणजे तीन ओळींची कविता, लिहून धाडली, आन् त्यांच्या घरची रीत अशी की उत्तर बी तीन ओळींतच द्यायचं! मोनाली फोनवर रडकुंडीला आलेली, "पप्पा, त्यांना आवडलं तरच जमंल हो!" आता बजाजनगरात उभा जन्म लेथ मशीनवर गेला माझा, मी कसला हायकू काढतो?

तरी बसलो. टळटळीत ऊन, रसवंती, आंबे, कूलर, घामोळं... सगळं कोंबलं! तर मोनाली म्हणते, "पप्पा, हायकूत उन्हाळ्याचा एकच शब्द घालायचा असतो!" एकच? आगं, मार्च लागला की उन्हाळा इथं खानदानासकट मुक्कामाला येतो, त्यातला एकटा कसा उचलू? मग तिनं तिकडच्या उन्हाळी शब्दांची यादी धाडली. काय व्हतं त्यात? काजवा, गोगलगाय, पाऊस... आवो, उन्हाळ्याच्या यादीत पाऊस! आन् गारवा! आमच्याकडं मे महिन्यात कुणी गारवा म्हटलं तर लोक कपाळाला हात लावून ताप बघतात! तरी काजव्यावर लिहिलं. पोरगी म्हणते, "पप्पा, काजवा कधी बघितलाय का?" खोटं कशाला बोलू... नाय बघितला. म्हणून म्हणतो, हायकूवाल्यात करू नका!

त्यात भर दुपारी लाईट गेली. कूलर बंद. मी घामानं निथळतोय, कागद फाडतोय, पोरीचं लगीन माझ्यापायी मोडतंय म्हणून जीव नुसता कासावीस... आन् आमची रूपा, मोनालीची आई, धान्य पाखडायचं सूप घेऊन शेजारी बसली आन् लागली वारा घालायला. "लिवा निवांत," म्हणली, "मी हाय." मला भरून आलं वो! जे दिसलं तेच लिहिलं, पाठवून दिलं:

लाईट गेली
सुपानं घाली वारा
लेकीची आई

पाठवल्यावर ध्यानात आलं, आयला, उन्हाळ्याचा शब्द राहिलाच की! तेवढ्यात मोनालीचा फोन, हुंदके देतीय. म्हटलं, गेली सोयरीक! तर म्हणते, "पप्पा, वारा घालणं म्हणजे इकडं उन्हाळाच! मी जपानीत करून दिलं, केंजीच्या आईनं पुन्हा पुन्हा वाचलं... हो म्हणल्या!" मी आन् रूपा, दोघंबी रडलो, व्हय, काय लपवायचं त्यात!

आता येत्या मे महिन्यात समदा गोतावळा घेऊन येतायत. एसीवालं मंगल कार्यालय बघितलं, तर विहीणबाई म्हणल्या नको, लगीन तुमच्या गच्चीवरच लावा, आम्हाला तो वारा पाहिजे! घ्या! औरंगपुऱ्याच्या बाजारातून रिक्षाभर सुपं आणून ठेवलीत. पाव्हणे मांडवात बसतील निवांत... आन् वारा घालायला कोण? पोरीचा बाप!