जेवण झाल्यावर उठायचं नाही

—वास नाही गं, फिनेल आहे ते, सकाळीच फरशी पुसलीय. बस ना, गार्गी, पलंगावरच बस, चालतं. युनिव्हर्सिटी इथून जवळ — आधीची भाडेकरू तर चालतच जायची. इनेस. स्पेनची होती, समुद्रातल्या शेवाळावर काहीतरी संशोधन करायची. तो जर्मनीतला वर्ल्ड कप चालू होता ना, तेव्हा आली. त्यांची टीम हरली तर दोन दिवस सुतक पाळल्यासारखी बसली होती! दुपारी झोपायची, रात्री दहाला जेवायची — आमचे हे वैतागायचे. मी? मी नाही. शनिवारी ह्यांना ऑफिस असतं, रॅफल्स प्लेसला बँकेत आहेत ना — मग ती स्वयंपाकघरात यायची, बटाटा, कांदा घालून अंड्यांचं हे एवढं जाड आम्लेट करायची. मी अंडं खात नाही, तर माझे बटाटे आधीच बाजूला काढायची, न सांगता. पहिल्यांदा जेवलो आणि मी सवयीने ताटं उचलायला उठले, तर हात धरून खाली बसवलं मला! म्हणे, आमच्याकडे जेवण झाल्यावर उठत नाहीत. तसंच बोलत बसायचं. त्याला शब्दच आहे त्यांच्यात — सोब्रेमेसा. आता आपल्याकडेही हात वाळेपर्यंत गप्पा मारतातच की — पण मारतं कोण? पुरुष. आपण ओटा आवरत असतो. तर आम्ही दोघी बसायचो. माझं इंग्रजी तोडकं, तिचं त्याहून तोडकं, पण संध्याकाळ व्हायची, कळायचंसुद्धा नाही.

एकदा तिने विचारलं, तुझं लग्नाआधीचं आडनाव काय? म्हटलं, आडनावाचं काय घेऊन बसलीस, माझं नावच वेगळं होतं. तिला कळेचना. त्यांच्यात बाईचं काही बदलत नाही गं — एक आडनाव वडिलांचं, एक आईचं, दोन्ही मरेपर्यंत तिचीच. म्हणून मग सांगितलं तिला — सासूबाई म्हणाल्या होत्या, आश्लेषा नक्षत्र सासूला जड, घरात ते नावही नको. ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने ‘साधना’ लिहिलं, लोकांनी पेढे खाल्ले, झालं. तेव्हापासून ती मला आश्लेषाच म्हणायला लागली. ‘आस्लेसा’ — जीभच वळायची नाही तिची. पण मी ओ द्यायचे ना! लगेच. साधना म्हणून कुणी हाक मारली तर अजूनही मला क्षणभर वेळ लागतो.

मग एका रविवारी हे घरी होते. तिघं जेवत होतो आणि ती म्हणाली, आस्लेसा, मीठ दे. मी दिलं. ह्यांनी घास खाली ठेवला, हसले, म्हणाले, ‘आश्लेषा कोण?’ आणि मी काय म्हणावं — ‘कुणी नाही.’ तिला मराठी येत नव्हतं, पण बघत राहिली माझ्याकडे. जेवण झालं. हे उठले, मी उठले. ती एकटीच बसून राहिली टेबलाशी.

पुढच्या रविवारी तिच्या बॅगा लिफ्टपाशी होत्या. नाही, भांडण कसलं! हे आवाज चढवत नाहीत कधी. नुसतं विचारतात. कुणाचा फोन होता, एवढा वेळ कशाला लागला. माझं एमआरटीचं कार्ड मशीनला लावून बघतात, कुठल्या स्टेशनला उतरले ते. पासपोर्ट त्यांच्या कपाटात — काळजीपोटी हं — किल्ली त्यांच्याकडे. म्हणून तर या वेळी म्हणाले, आपल्यातलीच मुलगी बघ, मराठी. म्हणजे मला तिच्याशी नीट बोलता —

अगं बाई.

काय काय सांगून बसले मी तुला. रोज जेवताना विचारतील तुला, फार गोड विचारतात — आज काकू कुठे गेल्या होत्या, काय म्हणत होत्या? आणि तू खोटं कसं बोलणार? आत्ताच बघ ना कशी बघतेयस माझ्याकडे. हा असला चेहरा घेऊन तू त्यांच्यासमोर बसायचं नाहीस.

नाही, ऊठ. पसंत आहे म्हणू नकोस. मला काय वाटत नाही का? सकाळपासून वाट बघत होते तुझी, म्हटलं, शनिवारी कुणीतरी असेल — ऊठ गं. लिफ्ट थांबली. त्यांचीच पावलं ती. विचारलं तर सांग, दुसरीकडे ठरलंय. चपला घाल.

— आलात? नाही हो, ही निघालीच होती. नाही आवडली तिला खोली. काय माहीत का. मी कुठे काय बोलले?

जा बाई, जा. उशीर होतोय तुला.